हार, लिंबू आणि ब्रेक

'जुने ते सोने' ही म्हण ज्यांनी प्रथम उच्चारली, त्यांच्या घरी तांब्यापितळेची भांडी असतील, सागवानी पलंग असेल, परसात पिढीजात आंब्याचे झाड असेल; मोटारगाडी मात्र खास नसणार. भांडे जुने झाले तर त्याला कल्हई करता येते, पलंगाचा पाय डुगडुगू लागला तर त्याखाली लाकडाची चकती सारता येते, आणि आंबा म्हातारा झाला तर बिचारा नुसता कमी फळतो. या वस्तूंच्या वार्धक्याने कोणाच्या जिवावर बेतत नाही. पण ज्या वस्तूत आजीपासून तान्ह्या नातवापर्यंत सारे घर बसवून आपण घाट उतरतो, तिचे वार्धक्य निराळ्या जातीचे असते. त्याविषयी या महिन्यात थोडे बोलावे असे आम्हांस वाटते.

ज्या वाचकांनी आमचा जोयडा तालुका पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा सह्याद्रीच्या माथ्यावरील, रानाने वेढलेला भाग. पूर्वी याला सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील मोठे धरण १९८७ साली पुरे झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आणि उठलेल्या कुटुंबांतील कित्येकांनी रामनगरात नवे संसार मांडले. गावे दूरदूर विखुरलेली, एसटी मोजक्या, आणि पाऊस असा की चार महिने छत्री वाळत नाही. कारवारला जायचे तर अणशीचा घाट, गोव्यास जायचे तर अनमोडचा घाट, बेळगावला जायचे तर रामनगर, लोंढा, खानापूर असा रानातला रस्ता. मोठे दुखणे निघाले तर कारवार, बेळगाव, हुबळी, नाहीतर गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. अशा मुलुखात उंच चाकांची, सात-आठ माणसे सामावणारी मोठी गाडी ही चैनीची वस्तू नाही. ती घरातल्या कर्त्या माणसासारखी आहे. रात्रीबेरात्री हाक मारली की उठणारी.

शहरात या गाडीला 'एसयूव्ही' म्हणतात. आमच्याकडे जुनी माणसे अजून तिला सरसकट 'जीप'च म्हणतात, आणि त्यात इतिहासाच्या दृष्टीने चूक काही नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीप जुळवण्यास आरंभ केला, तेथून या घराण्याची वंशावळ सुरू होते. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोने टाटा सुमो बाजारात आणली. त्या नावाचा जपानी मल्लांशी संबंध नसून, टेल्को घडविणारे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांशी आहे. २००० साली बोलेरो आली, २००२ साली नाशिकहून स्कॉर्पिओ आली. मुंबई, पुणे, नाशिक! महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना मराठी मुलुखातून आलेल्या या गाड्यांविषयी थोडा जिव्हाळा वाटला तर नवल नाही. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले. पण ज्या गाड्या त्याआधी घरोघरी आल्या त्या अजून धावत आहेत. दहा वर्षांच्या, बारा वर्षांच्या, चौदा वर्षांच्या. त्यांची कुरकुर, त्यांचा धूर, त्यांची एकेक खोड घरातल्या सर्वांना तोंडपाठ झाली आहे.

आणि आमच्या मते खरी गोम इथेच आहे. दोष माहीत नसणे हा धोका आहेच. पण दोष इतका माहीत होणे की तो दोष वाटेनासा व्हावा, हा त्याहून मोठा धोका आहे.

कोणत्याही घरच्या जुन्या गाडीत बाहेरच्या माणसाला बसवून पाहावे. लगेच सूचना सुरू होतात. 'भाऊजी, ते दार जरा वर उचलून ओढा, नाहीतर लागत नाही.' 'वहिनी, त्या बाजूची काच खाली करू नका, मग वर येत नाही.' 'तो पट्टा राहू द्या हो, त्याचे बक्कल अडकते.' 'तो लाल दिवा ना? तो नेहमीच लागलेला असतो.' चालवायला दुसरा कोणी बसला तर, 'ब्रेक दोनदा मारायचा, पहिल्या खेपेला लागत नाही.' आणि उतारावर गाडी थांबली की पोरगा सवयीने खाली उडी मारून चाकामागे दगड लावतो. हा दगड गाडीतच असतो, कधी कधी वर्षानुवर्षे तोच असतो. हँडब्रेक गेल्याचा इतका पक्का दाखला आरटीओसुद्धा देणार नाही.

घरच्यांच्या लेखी या सूचना म्हणजे गाडीचा स्वभाव. पाहुण्यांच्या लेखी त्या गाडीच्या व्याधी. पाहुण्यांचे खरे आहे.

कोणी म्हणेल, मग सरकार कशासाठी आहे? गाड्या तपासणे हे सरकारचे काम नव्हे काय? याचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपल्यावर गाडी तपासणीस न्यावी लागते आणि नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. भाड्याच्या गाडीचे तसे नाही. तिला आठ वर्षांची होईतो दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. आमच्या भागात याला 'पासिंग' म्हणतात. म्हणजे परक्याला पैसे घेऊन नेणारी गाडी वारंवार तपासली जाते, आणि आपल्या पोटच्या पोरांना नेणारी गाडी पंधरा वर्षे कोणी उघडून पाहत नाही. मधल्या काळात धुराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते खरे. पण त्यात धूर तपासतात, ब्रेक नव्हे. विमा कंपनी हप्ता भरला की नाही हे पाहते. चॅसीला गंज चढला की नाही हे ती सहसा विचारीत नाही.

मूळ बनावटीतच खोट असेल तर गाड्या परत बोलावून त्या दुरुस्त करून देण्याची सक्ती कारखानदारावर करता यावी, असे कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच्या नियमांत सात वर्षांच्या आतील गाड्यांचाच विचार आहे. तेव्हा वाचकहो, हिशेब मांडून पाहा. सात वर्षांनंतर सक्तीचे हे छत्र उरत नाही, आणि पंधरा वर्षांपर्यंत तपासणीचे बंधन नाही. मधली आठ वर्षे ही गाडी सर्वस्वी घरच्यांच्या स्वाधीन असते. आणि नेमकी याच वर्षांत ती आतून झिजू लागते. या आठ वर्षांचा तपासनीस घरातच नेमला पाहिजे. दुसरा कोणी येणार नाही.

आता त्याने काय पाहावे, हे थोडे विस्ताराने सांगू. आम्ही काही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. पण या गोष्टी समजण्यास पांडित्य लागत नाही.

पहिला ब्रेक. आपण पायाने दाब देतो तो चाकापर्यंत एका तेलातून पोहोचतो. या ब्रेक ऑइलचा एक अवगुण आहे: ते हवेतील ओल शोषून घेते. जोयड्यासारख्या ठिकाणी हवेत ओलीचा तुटवडा कधीच नसतो. डॉट ३ या सामान्य प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सियसला उकळते. ओल शिरलेल्या त्याच तेलाचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत खाली येतो. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. परंतु अणशीच्या घाटात, आठ माणसे आणि टपावर सामान घेऊन, वळणावळणाला ब्रेक दाबीत उतरताना चाकांचे भाग विलक्षण तापतात. तेल उकळते, त्याची वाफ होते; आणि तेल दाबता येत नसले तरी वाफ दाबता येते. मग पाय दाबला की पेडल सरळ जमिनीस टेकते आणि गाडी चालतच राहते. 'ब्रेक फेल झाला' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा वाटते काही तरी अकस्मात तुटले. पुष्कळदा तुटलेले काहीच नसते. न बदललेले एक डबाभर तेल असते. ते दर दोन वर्षांनी बदलावे असा सर्वसाधारण नियम आहे. घाटाखाली उतरणाऱ्याने तो देवाच्या नेमासारखा पाळावा. रबरी नळ्यांना भेगा पडल्या आहेत काय, लोखंडी नळ्यांना गंज धरला आहे काय, लायनर किती उरले आहेत, हेही त्याच वेळी पाहून होते.

ब्रेकशी निगडित आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मोठ्या गाडीचा ब्रेक केवळ पायाच्या जोरावर लागत नाही. इंजिन चालू असताना निर्वात दाबाची मदत त्याला मिळते. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा दाब निर्माण करणारा छोटा पंप वीज करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ज्याला अजून सारे डायनॅमो म्हणतात त्याच्या, पाठीस बसविलेला असतो, आणि ते यंत्र एका पट्ट्यावर फिरते. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो. अनुभवी माणूसही 'बॅटरी भरत नाही, पुढच्या गावात पाहू' म्हणून पुढे जातो. प्रत्यक्षात त्याच क्षणी ब्रेकची मदतही गेलेली असते, आणि दोनतीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जी जुनी खोड आहे, तिचाही परिणाम हाच. वाचलेल्या डिझेलची किंमत फार तर एका चहाची. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रास धरून आहे. वेग आवरण्याचे निम्मे काम इंजिनच करते.

दुसरा टायर. खाचा झिजून टायर गोटा झाला की तो बदलावा, इतके सर्वांस कळते. पण रबराला झिजेखेरीज वयही असते. टायरच्या कुशीवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. तेथे २३१५ असे असेल तर तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. फारशा न फिरणाऱ्या गाडीचे टायर दिसायला नवे कोरे असतात. पण आतून कडक होऊन त्यांना बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपलीकडे तो कितीही देखणा असला तरी वापरू नये, असा कित्येक कारखानदारांचा सल्ला आहे. यात सर्वांत दुर्लक्षित प्राणी म्हणजे स्टेपनी. मागच्या दाराला टांगलेली ती वर्षानुवर्षे ऊन खाते, पाऊस पिते, आणि ऐन अडचणीच्या रात्री तिला कामास जुंपले जाते.

तिसरा गंज. या मोठ्या गाड्यांपैकी पुष्कळशा जाड लोखंडी सांगाड्यावर उभ्या असतात. तो सांगाडा हेच त्यांचे बळ. परंतु आमच्याकडची तांबडी माती त्याच्या कोनाकोपऱ्यांत जाऊन बसते, पावसाळाभर ओली राहते. वरचेवर कारवार-गोव्याकडे जाणाऱ्या गाडीला खारी हवा लागते ती वेगळीच. गाडी धुताना आपण वरचा रंग चमकवितो. पोटाखाली पाण्याची धार मारीत नाही. पावसाळा संपला की एकदा गाडी वर चढवून मेस्त्रीकडून सांगाडा, पाटे, ब्रेकच्या नळ्या आणि पायाखालचा पत्रा ठोकून पाहावा. 'टण' असा आवाज आला तर लोखंड आहे. 'बद' असा आला तर रंगाखाली गंज आहे. मातीचे मडके विकत घेताना आपल्या आज्या हीच परीक्षा करीत.

चौथे, दिवे आणि वायपर. दिव्यावरचे प्लास्टिकचे आवरण दहा वर्षांत पिवळे, धुरकट होते. शहरात रस्त्यावर दिवे असतात. आमच्या रस्त्यावर तिन्हीसांजेस गवा उभा असतो. गव्याचा रंग काळोखाचाच असतो. धुरकट दिव्यात तो दिसेपर्यंत तो गाडीच्या बॉनेटवर आलेला असतो, आणि या टकरीत गव्याचे वजन आपल्याहून पुष्कळ अधिक असते. वायपरचे रबर तर शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट; पण आषाढातल्या पावसात अनमोड चढताना तेवढ्याच रबरावर आठ जणांचा जीव असतो.

पाचवे, पट्टे. हा विषय आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण येथे यंत्रापेक्षा माणसाचा दोष अधिक. तीन ठिकाणी अडकविण्याचा आजचा सुरक्षापट्टा व्होल्व्हो कंपनीतील नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला, आणि त्याचे हक्क कंपनीने साऱ्या जगाला मोकळे ठेवले. इतके मोठे दान यंत्रयुगात क्वचितच झाले असेल. आपण त्या दानाचे काय करतो? मागच्या बाकावर नवे सीट-कव्हर चढविताना पट्ट्यांची बक्कले खाली दाबून टाकतो. पट्टा न लावल्याची सूचना देणारा आवाज बंद करण्यासाठी रिकामी क्लिप विकत आणून खाचेत खुपसतो. ही क्लिप इतकी सर्रास विकली जात होती की २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ती विक्रीतून काढण्याचा आदेश द्यावा लागला. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यांपैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हते, शेजारी वा मागे बसलेले प्रवासी होते.

त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी उंची, परदेशी कंपनीची, हवेच्या पिशव्यांनी सज्ज. पुढे बसलेली दोन माणसे जबर जखमी होऊनही वाचली; मागे बसलेली दोघे गेली. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांच्या तपासात दिसून आले. जी वस्तू गाडीत होती आणि चालू स्थितीत होती ती वापरली न गेल्यामुळे असे झाले. मग ज्या गाडीत पट्टाच उसवला आहे, बक्कलच बसत नाही, तेथे काय होईल हे निराळे सांगावयास नको.

शाळेत मुलांना आम्ही एक साधे गणित घालतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी भिंतीवर आदळली तर आत सुटे बसलेल्या माणसास किती जोराचा मार बसेल? उत्तर असे, की तो सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडल्याइतका असेल. मुले हसणे थांबवतात. आणखी एक गणित त्यांच्या आयांसाठी आहे: मांडीवरचे दहा किलोचे मूल अशा धक्क्यात दोन-तीनशे किलोंच्या ओझ्याप्रमाणे ओढले जाते. आईची माया कितीही घट्ट असली तरी हातांना तेवढे बळ नसते. मागच्या भागात समोरासमोर तोंडे करून बसण्याचे जे आडवे बाक जुन्या मोठ्या गाड्यांत असतात, तेथे बहुधा पट्टेच नसतात. आणि लहान मुले आग्रहाने तेथेच बसतात, कारण तेथे गंमत असते. त्या बाकांवर सामान ठेवावे, मुले नव्हे. गाडीत आठ माणसे मावतात, हे बाकांवरून ठरवू नये. चालू पट्टे किती आहेत त्यावरून ठरवावे.

सहावी गोष्ट हवेच्या पिशव्यांची. चालकापुढील पिशवी सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. ब्रेक दाबल्यावर चाके घसरू न देणारी एबीएस यंत्रणाही त्याच वर्षी सर्व नव्या गाड्यांना आली. शेजारच्या आसनापुढील पिशवी त्यानंतर, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने. त्यापूर्वीच्या कित्येक गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत या गोष्टी नसत. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने पिशव्या नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. त्याच फेरीत इतर कंपन्यांच्या चार गाड्यांचीही तीच गत झाली. तेव्हा एकाच कारखान्यास बोल लावण्यात अर्थ नाही. घेण्यासारखा बोध एवढाच, की गाडी उंच आणि दांडगी दिसली म्हणजे आतला माणूस सुरक्षित असतो असे नव्हे. उंच गाडीचा भारही उंच असतो, आणि टपावर पोती चढविली की वळणावर ती कलंडण्यास वेळ लागत नाही.

ज्या जुन्या गाड्यांत पिशव्या आहेत त्यांच्या धन्याने निर्धास्त राहावे काय? तेही नाही. टकाटा या जपानी कंपनीचे प्रकरण पुष्कळांनी ऐकले असेल. पिशवी क्षणार्धात फुगविण्यासाठी ती कंपनी अमोनियम नायट्रेट वापरीत असे. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडे. मग अपघाताच्या वेळी ते मर्यादेबाहेर स्फोट पावून धातूचे कपचे आत बसलेल्यांच्या अंगात घुसत. वाचविण्यासाठी बसविलेली वस्तूच मारेकरी ठरली. जगभर अशा सुमारे दहा कोटी पिशव्यांचे भाग परत मागविण्यात आले, आणि २०१७ साली त्या कंपनीचे दिवाळे वाजले. भारतातही होंडाने सिटी, जाझ, सीआर-व्ही अशा जुन्या गाड्या अनेक खेपांना बोलावून हे भाग फुकट बदलून दिले. उष्णता आणि ओल हे त्यातील दोन मुख्य शत्रू, हे ध्यानात घेतले तर आपल्या किनारपट्टीवरील आणि घाटावरील वाचकांनी अधिक सावध का असावे ते कळेल. हाताने घेतलेली जुनी गाडी असेल तर पत्र पहिल्या धन्याच्या पत्त्यावर गेलेले असते. म्हणून नोंदणीपुस्तकातील चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, किंवा विक्रेत्याकडे विचारावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दुरुस्ती लागलीच तर ती विनामूल्य असते.

पिशवीचा दिवा सतत पेटलेला असेल तर पिशवी उघडेल याची शाश्वती नाही, असे समजावे. आणि पुढे जे भक्कम लोखंडी गार्ड शोभेसाठी लावतात ते काढून टाकावे. धडकेचा अंदाज घेणाऱ्या यंत्रणेस ते फसवितात आणि पादचाऱ्यास ठार करतात. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात त्याविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले ते याच कारणाने.

एवढे वाचून कोणी म्हणेल, 'गुरुजी, नाकापेक्षा मोती जड झाला. गाडीची किंमत दीड लाख आणि दुरुस्तीचा हिशेब साठ हजार!' ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेतीवाडीवर चालणाऱ्या घराला साठ हजार म्हणजे एका लेकराचे वर्षाचे शिक्षण. पण वरची यादी पुन्हा पाहिली तर दिसेल, की तीत महाग थोडे आणि स्वस्त पुष्कळ आहे. ब्रेक ऑइल, रबरी नळ्या, पट्टा, वायपर, दिव्यांची सफाई, हँडब्रेकची तार, दाबलेली बक्कले वर काढणे, या गोष्टी काही हजारांत होतात, काही फुकट होतात. आमच्या मते क्रम असा असावा: गाडी थांबविणारे आधी, गाडी धरून ठेवणारे त्यानंतर, दिसण्यास मदत करणारे त्याच्या मागोमाग, आणि गाणी ऐकविणारे, थंड हवा देणारे, रंग चकाकविणारे सर्वांत शेवटी. पुष्कळ घरी हा क्रम बरोबर उलटा असतो. सांगाड्यालाच गंज लागला असेल, तर मात्र मोह सोडून गाडी मोडीत काढावी. पंधरा वर्षे सेवा केलेल्या वस्तूला निरोप देण्यात कृतघ्नता नाही.

मोडीत काढावी असे आम्ही म्हटले. विकावी असे म्हटले नाही. यास कारण आहे. गाडी विकल्याने तिचा दोष नाहीसा होत नाही, तो फक्त पत्ता बदलतो. जुनी मोठी गाडी आपल्याहून गरीब घरी जाते. तिथून कधी ती वाडीवाडीतून शाळेची मुले गोळा करण्याच्या कामी लागते, आठांच्या जागी पंधरा घेऊन. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहून अशा गाड्यांतून उतरणारी दप्तरे आम्ही मोजतो, तेव्हा मनात येते, हिचा ब्रेक कोणाच्या अंगणातला असेल? ज्याने विकली त्याला तो दोनदा मारावा लागतो हे ठाऊक होते. त्याने ते घेणाराला सांगितले असेल काय? निदान तेवढे तरी कागदावर लिहून द्यावे. दोष लपवून विकलेली गाय कसाबाच्या दारी जाते असे आपण म्हणतो. दोष लपवून विकलेली गाडी कोणाच्या दारी जाते ते कोणी पाहत नाही.

आमच्या तालुक्यात उळवीस चन्नबसवेश्वराची यात्रा भरते. धारवाड-बेळगावकडील भाविक आजही तिला बैलगाड्या जुंपून येतात. मोटारीच्या काळात तो देखावा पाहण्यासारखा असतो. रानातला लांबचा पल्ला म्हणून निघण्यापूर्वी आखाला वंगण घालायचे, चाकाची धाव सैल झाली काय ते पाहायचे, बैलाचे खूर उचलून नाल तपासायचे, ही त्या शेतकऱ्यांची पिढ्यांची रीत. ते नियम त्यांना कोणा अधिकाऱ्याने घालून दिलेले नाहीत. गाडी आपली, बैल आपले, आत बसलेली माणसे आपली, इतके कारण त्यांना पुरेसे होते.

आपणही खंडेनवमीला, म्हणजे इथले कन्नड बांधव जिला आयुधपूजा म्हणतात त्या दिवशी, गाडी धुतो, तिला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ते सर्व अवश्य करावे. यंत्राविषयी कृतज्ञता बाळगणारा समाज काही वाईट नव्हे. आमची सूचना एवढीच, की त्याच्या आदल्या आठवड्यात, पावसाळा ओसरल्यावर, घरातील शाळकरी मुलाच्या हाती एक वही द्यावी. त्याने गाडीत बसावे आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यास ज्या ज्या सूचना द्याव्या लागतील त्या एकेक करून लिहून काढाव्या: दार कसे ओढायचे, ब्रेक किती वेळा मारायचा, कोणता दिवा नेहमी लागलेला असतो, कोणता पट्टा अडकतो, दगड कुठे ठेवलेला असतो. त्याखाली चार टायरांचे आणि स्टेपनीचे चार चार आकडे लिहावे. मुले हे काम अतिशय चोख करतात; मोठ्यांप्रमाणे त्यांना दोषांची सवय झालेली नसते आणि भीड तर मुळीच नसते.

जितक्या सूचना, तितके दोष. ती वही घेऊन मेस्त्रीकडे जावे, आणि पुढच्या दसऱ्यास तीच वही पुन्हा उघडावी. यादी आखूड झाली असेल तर त्या घरची पूजा देवाला पोहोचली असे आम्ही समजू.